श्रीपतरावांच्या डोक्यातला ठेका

मादन हिप्परग्याचं आमचं भजनी मंडळ आळंद तालुक्यात एकाच गोष्टीसाठी नावाजलेलं होतं. ते फार लवकर संपायचं. दुसऱ्या गावचं मंडळ एक अभंग आटोपून पाण्याचा तांब्या हातात घेई, तोवर आमचे तीन अभंग, एक गवळण आणि आरती होऊन टाळ पिशवीत गेलेले असायचे. लोक आम्हाला 'हिप्परग्याची मेल' म्हणत. मी मागच्या ओळीत टाळ धरणारा. मेलच्या शेवटच्या डब्यासारखा मी कायम ओढला जात असे.

मेलचं इंजिन म्हणजे श्रीपतराव. गावात तुरीची-जवारीची शेती, वेशीजवळ किराणा दुकान, खांदे रुंद, आवाज पितळी हंड्यासारखा. हैदराबादचं राज्य मोडून आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, तलाठ्याची भाषा बदलली, ह्यांची लय तेवढी बदलली नाही. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी आणि रागात दखनी, अशी त्यांची वाटणी होती. वडिलांच्या मागे मंडळ त्यांच्याकडे आलं. सुरुवात ते सावकाश करायचे, यात खोटं नाही. पण दुसऱ्या कडव्याला अंगात ऊब आली की लय चढायची, तिसऱ्याला पळायची, आणि शेवटी तर गातोय की भांडतोय हे आम्हाला कळायचं नाही.

याचा सगळ्यात जास्त त्रास हावगेप्पाला. तो आमचा पखवाजी. घर कानडी बोलणारं, माणूस गाईसारखा गरीब, पण हात असा की नुसता कणकेचा गोळा पखवाजाला लावताना त्यानं टिचकी मारली तरी ऐकत बसावं वाटायचं. त्याला आयुष्यभर धावतच वाजवावं लागलं.

चौऱ्याऐंशी साली एका एकादशीला मारुतीच्या देवळात त्याचा धीर सुटला. अभंगाच्या मधेच त्यानं पखवाजावर दोन्ही हात पालथे ठेवले.

"अण्णा, लय धरा की जरा. पखवाज हाय हा, शिलाईची मशीन न्हाई."

"लय मी धरलोय!" श्रीपतराव उसळले. "तूच मागं पडायलास. डोक्यातला ठेका ऐकू येईना का तुला?"

"कोणता ठेका?"

"हेच की. डोक्यात वाजतंय ते. ढुस्स... ढुस्स... ढुस्स."

"कुणाच्या डोक्यात?"

"तुझ्या! सगळ्यांच्या!"

हावगेप्पानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या.

"अण्णा," हावगेप्पा हळूच म्हणाला, "आमच्या डोक्यात काय बी वाजत न्हाई."

श्रीपतरावांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरणार नाही. राग नव्हे, भीती नव्हे, खरीखुरी कणव. एवढी माणसं जन्मभर अशी रिकाम्या डोक्यानं हिंडतायत म्हणून त्यांना आमचं वाईट वाटलं.

"मग तुम्ही ठेका धरता तरी कशावर?" त्यांनी विचारलं.

हावगेप्पा उठला. त्यांच्या उजव्या कानामागे स्वतःचा कान टेकवला, आणि विंचू चावल्यासारखा मागे झाला. "अय्यो देवरे! वाजायलंय की!"

मग आम्ही एकेकानं कान लावला. खरंच आत कुणीतरी भाता ओढत होतं. ढुस्स, ढुस्स, अगदी नाडीच्या ठोक्याला. आम्ही कान लावायला लागलो तशी त्यांची छाती भरून आली आणि भाता जोरात चालायला लागला. आमची मेल कुठल्या वाफेवर पळत होती, ते त्या संध्याकाळी कळलं.

कुणीतरी पळत जाऊन चंद्रभागाबाईंना, त्यांच्या बायकोला, बोलावून आणलं. त्या पिठाचे हात पुसत आल्या.

"ह्यासाठी बोलावलं होय? मला लगीन झाल्यापासून ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पुरुषांच्या डोक्यात असतंय तसं."

त्यांनी तर त्या आवाजाचा उपयोगही करून घेतला होता. नवरा दुपारी आडवा झाला की उशी नीट करायच्या निमित्तानं कान लावायच्या. आवाज संथ असला तर माहेरी जायचं बोलणं काढायचं, पळत असला तर ताक नेऊन द्यायचं. एवढा बिनचूक संसार गावात दुसरा नव्हता.

त्यानंतर दुकानात गिऱ्हाइकापेक्षा ऐकणारे जास्त यायला लागले. कुणी मीठ घ्यायला आला की आधी कान लावायचा. शेजारच्या गावचे पाहुणे मुद्दाम दाखवायला आणायचे. श्रीपतराव मान तिरकी करून बसायचे आणि हसायचे. डाव्या हाताला अधूनमधून मुंग्या यायच्या, हातातला टाळ मधेच निसटायचा, पण ते त्यांनी वयावर घातलं.

दोन वर्षांनी जत्रेत ते प्रकरण अंगाशी आलं. भजन ऐन रंगात, तिसरं कडवं. एकाएकी त्यांचा डावा हात स्वतःच्या मर्जीनं हालायला लागला. टाळ असा वाजला की आम्हाला वाटलं, आज लय कुठं नेणार कोण जाणे! मग मान वाकडी झाली, डोळे फिरले आणि ते बसल्या जागी कोसळले. तोंडाला फेस.

आम्ही घाबरलो, पण जत्रेतले लोक घाबरले नाहीत. त्यांच्या मते देव आला होता. कुणी नारळ फोडला, कुणी भंडारा उधळला. अंकुशराव नावाचा आमचा एक भाऊबंद पुढे सरसावला. त्याची म्हैस हरवली होती.

"देवा, माझी म्हैस कुठं हाय?" त्यानं विचारलं.

श्रीपतरावांच्या तोंडातून आवाज आला, "ब्ब... ब्ब..."

"बांध!" अंकुशराव ओरडला. "बांधावर म्हणायलाय!" आणि पळाला. म्हैस त्याच्याच शेताच्या बांधावर, बाभळीखाली रवंथ करत बसलेली सापडली.

झालं! आता श्रीपतरावांना डॉक्टरकडे न्यायला गाव तयार होईना. दोन दिवसांत ते शुद्धीवर, चालते-फिरते झाले, पण दुकानासमोर लोक हरवलेल्या वस्तू सांगायला रांगेत. कुणाची नथ, कुणाचा जावई. देवाला सुई टोचली तर देव निघून जाईल, असं अंकुशरावाचं म्हणणं. शेवटी हावगेप्पानं त्याला बाजूला घेतलं.

"अंकुशराव, तुमची म्हैस घावली. आता माझा माणूस हरवला तर तो कुणाला इचारायचा?"

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं हावगेप्पा आणि चंद्रभागाबाई त्यांना गुलबर्ग्याला घेऊन गेले.

गुलबर्ग्याच्या डॉक्टर मडिवाळप्पांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली, मग नळी डोक्याला लावली. बराच वेळ ती हलवेनात. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ऐकलं. मग दोन नर्सबाया आल्या, त्यांनी ऐकलं. औषधं वाटणाराही डोकावला.

"इथं बी तेच," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"श्रीपतराव," मडिवाळप्पा म्हणाले, "हे देवाचं न्हाई, रक्ताचं हाय. झटक्याच्या गोळ्या देतो, त्या चुकवू नका. आणि हैदराबादला जा."

हैदराबादच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर नरहरराव मूळचे बिदरचे. मराठी बोलायचे, अधूनमधून दखनी मिसळायचे. त्यांनी श्रीपतरावांच्या मांडीतून एक बारीक नळी सारून औषध सोडलं आणि डोक्याचे फोटो काढले. डोकं दुरुस्त करायला मांडीतून जायचं, ह्यावर श्रीपतरावांनी मोठा वाद घातला. मारुतीचं देऊळ गाठायला आधी गुलबर्ग्याला कामून जायचं, असा त्यांचा सवाल होता. पण फोटो उजेडासमोर धरला तेव्हा ते वाद विसरून पुढे वाकले. काळ्यावर पांढऱ्या फांद्यांचं झाड उमटलं होतं, आणि उजव्या बाजूला, आत खोल, एक गचपण.

"ही तर गुंतवळ!" चंद्रभागाबाई म्हणाल्या. फणीतून निघते तशी.

"अगदी तीच," नरहरराव म्हणाले. "रक्त मोठ्या नळीतून जोरात येतं. मग ते केसासारख्या बारीक नळ्यांत हळूहळू झिरपायला पाहिजे, म्हणजे मेंदूला पोसतं. इथं मधल्या त्या बारीक नळ्याच नाहीत. जन्मापासूनचा गुंता आहे. जोराचं रक्त सरळ ह्यात शिरतं आणि परतीच्या नळीत पळतं. पळतंय त्याचा हा आवाज. आणि शेजारचा मेंदू कोरडा राहतो. म्हणून डाव्या हाताला मुंग्या."

श्रीपतरावांनी विचार केला. "म्हणजे वरच्यानं पाट फोडलाय आणि पाणी फुकट ओढ्याला चाललंय. खालची शेतं वाळायलीत."

"बराबर."

"मग त्याच्यावर केस करायची."

"तीच करायला बसलोय," नरहरराव म्हणाले.

कापून काढायचं म्हटलं तर गुंता फार आत. हात जाईल, कदाचित बोलणं जाईल. नुसतं सोडून द्यावं तर एखाद दिवशी ताणलेली नळी फुटून आत रक्तस्राव व्हायचा. पण डॉक्टर परदेशातून एक इलाज शिकून आले होते. अंगाला जाणवत नाहीत असे बारीक किरण वेगवेगळ्या बाजूंनी डोक्यात सोडायचे. एकेक किरण दुबळा, वाटेत कुणाचं फारसं वाकडं करत नाही. पण सगळे जिथे भेटतात, तिथे जोर होतो. ते सगळे गुंत्यावर भेटवायचे.

"आणि गुंता जळून जातो?" हावगेप्पानं विचारलं.

"जळत नाही. त्या नळ्यांची आतली कातडी हळूहळू जाड होत जाते. भोक लहान होत होत बंद. रक्त मग सरळ वाटेनं जायला लागतं. याला दोन वर्षं लागतात, कधी जास्त. सगळ्यांचा बंद होतोच असंही नाही. आणि तोवर फुटायची भीती राहतेच, ते मी लपवत नाही."

"दोन वर्षं?" श्रीपतराव ओरडले. "मशीन परदेशी आणि काम सरकारी!"

चंद्रभागाबाईंनी विचारलं, "आणि आवाज?"

"गुंता बंद झाला की आवाज बंद."

इतका वेळ केस करायला निघालेले श्रीपतराव एकदम पांढरे पडले. "आणि ठेका?"

नरहररावांना काही कळलं नाही. हावगेप्पाला कळलं. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला, पण त्याचे कान हसत होते असं चंद्रभागाबाई पुढे सांगायच्या.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो दिवस आला. सकाळी कातडी बधिर करून डोक्याला एक लोखंडी कडं चार स्क्रूंनी आवळलं, म्हणजे डोकं केसभरही हलू नये. कडं घालून श्रीपतराव बाहेर आले तेव्हा चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "रडू नको. बैलाला वेसण घालतात, मला मोरकी घातलीय एवढंच." मग त्यांना त्या खोलीत नेलं. कडं पलंगाला अडकवलं, सगळे बाहेर गेले आणि जाडजूड दार बंद झालं. मशीन डोक्याभोवती फिरायला लागलं. श्रीपतरावांनी डोळे मिटून मनात अभंग धरला.

भिंतीतल्या भोंग्यातून बाहेरच्या मशीनवाल्याचा आवाज आला, "चचा, हिलो नक्को!"

"हिल कोन रहा? भजन कर रहा हूँ!"

"मुंह बंद रखके करो, चचा!"

बाहेर आल्यावर ते फार नाराज होते. ना धूर, ना वास, ना चटका. "काहीच झालं न्हाई की! आपल्या गुलबर्ग्याच्या फोटोवाल्याकडं निदान उजेड तरी पडतो."

गावी परतले तर मंडळी कान लावायला हजर. भाता जसाच्या तसा. अंकुशरावानं दोन्ही कानांनी खात्री केली आणि जाहीर केलं, "फसवलं तुम्हाला." महिनाभरानं कानामागचे थोडे केस वाटोळे झडले, तेव्हा कुठे गावाला पटलं की काहीतरी केलंय खरं. न्हावी त्या जागेला वस्तरा लावेना. आत किरण अजून असतील म्हणायचा.

वर्ष भरत आलं तेव्हा डोकं ठणकायला लागलं, डावा पाय अडखळायला लागला. पुन्हा हैदराबाद. नरहरराव म्हणाले, किरण लागले त्या जागेभोवती सूज आलीय, अशी येते, घाबरू नका. सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, पण त्या गोळ्यांनी श्रीपतरावांना अशी भूक लागली की घरात भाकरी टिकेना. सकाळी उठल्याउठल्या तुरीच्या घुगऱ्या, मग जेवण, मग मधलं जेवण, मग दुकानातला गूळ. तोंड पुनवेच्या चंद्रासारखं गोल झालं. शिवाय झोप नाही आणि बोलणं थांबत नाही. त्या दिवसांतलं भजन म्हणजे कहर. हावगेप्पाच्या तळहाताला फोड आले. मी टाळ वाजवायचं सोडून नुसते ओठ हलवत होतो, तेही मागे पडत होते. सांगितल्याप्रमाणे गोळ्या कमी करत करत बंद झाल्या, तेव्हा सगळं मंडळ देवाच्या पाया पडलं.

नंतर एक दिवस चंद्रभागाबाई हावगेप्पाला म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यातली गिरणी लांब गेल्यासारखी वाटायलीय." त्यांचा कान तयार. आठवड्याआठवड्याला आवाज बारीक होत होता. ढुस्सचं फुस्स झालं, फुस्सची नुसती फुंकर. श्रीपतराव मात्र मानायला तयार नव्हते. "तुझेच कान म्हातारे व्हायलेत," म्हणायचे.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यातली एक दुपार. जेवून श्रीपतराव दुकानामागच्या खोलीत आडवे झाले होते. चंद्रभागाबाईंना पुतणीच्या लग्नाला चार दिवस आधी जायचं होतं. सवयीप्रमाणे त्यांनी उशी नीट केली, कान लावला. काही नाही. जरा सरकवून लावला. काहीच नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाचं डोकं कधी गप्प राहिलं नव्हतं. बाईंनी अशी किंकाळी फोडली की वेशीवरचे कावळे उडाले. आम्ही धावलो. शेजारणीनं गळा काढला. अंकुशराव आल्या आल्या भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.

श्रीपतराव उठून बसले. "कोण मेलं?"

आम्ही सगळे अंकुशरावाकडे बघायला लागलो.

"अरे, कोण मेलं? मला कामून सांगंनात?"

"तुम्ही," अंकुशराव हुंदका देत म्हणाला.

मग हसू झालं, शिव्या झाल्या, चहा झाला. त्या गोंधळात श्रीपतराव मात्र कानोसा घेत होते. त्यांनी मान उजवीकडे कलती केली, डावीकडे केली. उजव्या कानात करंगळी घालून हलवली. बायकोकडे बघितलं.

"बंद पडलंय," ते म्हणाले. घरातलं जुनं माणूस न सांगता निघून गेल्यावर म्हणतात, तसं.

नरहररावांनी पुन्हा मांडीतून जाऊन फोटो काढला. गुंतवळ नव्हती. झाडाच्या फांद्या मोकळ्या पसरलेल्या, आणि पूर्वी जिथे ओसाड दिसायचं तिथे बारीक डहाळ्या उमटल्या होत्या. वरच्यानं फोडलेला पाट बुजला होता आणि खालच्या शेतांना पाणी मिळत होतं. डाव्या हाताच्या मुंग्या गेल्या. श्रीपतराव साखरेच्या पुड्याची सुतळी आता डाव्या हातानं बांधायचे आणि गिऱ्हाईक बघतंय ना, याची खात्री करून घ्यायचे.

पण भजनात मोठी पंचाईत झाली. पहिल्या एकादशीला ते उभे राहिले, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. हावगेप्पानं ठेका धरलेला, आम्ही टाळ उचललेले. त्यांनी सुरुवात केली ती भलत्याच जागी. पुन्हा केली, ती त्याहून भलत्या जागी. जन्मभर डोक्यातल्या आवाजावर पाय टाकत आलेला माणूस, त्याला बाहेरचा पखवाज कुठून धरायचा तेच कळेना.

"मला काय सापडंना," ते म्हणाले, टाळ खाली ठेवला आणि घरी गेले.

मग ते देवळाकडे फिरकेनात. दुकानात नुसते बसून राहायचे. चंद्रभागाबाई म्हणायच्या, "जीव वाचला त्याचा आनंद करा की." ते म्हणायचे, "आनंद हाय. पण लई शांत हाय."

आठ-पंधरा दिवसांनी हावगेप्पा पखवाज घेऊन दुकानात आला. मागच्या खोलीत पोत्यांमध्ये बसला.

"अण्णा, गायचं न्हाई. माझ्याकडं बघायचं बी न्हाई. नुसतं ऐकायचं."

आणि वाजवायला लागला, सावकाश. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मागे कुणी लागलं नव्हतं. मी तराजूपाशी उभा होतो. त्याचा हात त्या चामड्यावर असा पडत होता, जसं कुणी झोपलेल्या लेकराला थोपटावं. श्रीपतराव डोळे मिटून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"हावगेप्पा, तू रोज असंच वाजवायचास?"

"व्हय अण्णा. पहिल्या कडव्यापुरतं."

"मग सांगायचं न्हाई का रे?"

"सांगायलो होतो की. तुम्हाला ऐकू कुठं येत होतं?"

त्या दिवसापासून श्रीपतराव शिष्य झाले. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मांडीवर हात मारत मात्रा मोजायचे, आणि चुकायचे. आतल्या खोलीत सुपानं तूर पाखडणाऱ्या चंद्रभागाबाई सुपावरच सम दाखवायच्या.

"आली की सम! तुम्हाला कळंना कसं?"

"तुला कसं कळायलंय?"

"तुमचं डोकं ऐकत जन्म गेला. मोजायला आपोआप शिकले."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते पुन्हा देवळात उभे राहिले. आता हावगेप्पा पुढे आणि ते मागे. आवाज तोच पितळी, पण शब्द कळायला लागले. कित्येक अभंगांचा अर्थ मला त्या वर्षी लागला. गाव मात्र खूश नव्हतं. आधी भजन उरकून लोक वेळेवर जेवायला बसत, आता एका अभंगात डाळ थंड व्हायला लागली. अंकुशरावानं तर विचारलं, हैदराबादच्या डॉक्टरला सांगून थोडासा गुंता परत घालता येतो का.

नव्वद साली तपासणीला गेले तेव्हा नरहरराव म्हणाले, "श्रीपतराव, एक काम कराल? औराद तालुक्यात चिंताकीला एक बाई आहे, चन्नव्वा. तुमच्यासारखाच गुंता. झटके येतात, पण इलाजाला तयार होत नाही. माझं ऐकत नाही. तुम्ही सांगून बघा."

आम्ही चौघं गेलो. श्रीपतराव, चंद्रभागाबाई, हावगेप्पा आणि मी. एवढ्या लांब एसटी बदलत बदलत जाताना श्रीपतराव वाटभर धीराची वाक्यं जुळवत होते. चन्नव्वा पन्नाशीची, काटक, गोठ्यात धार काढायला बसलेली. आमच्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरनं पाठवलंय न्हवं? बोला."

श्रीपतरावांची सगळी वाक्यं तिथेच संपली. "अक्का," ते म्हणाले, "आधी डोक्याला लोखंडी कडं आवळतात. स्क्रूनं."

चंद्रभागाबाईंनी कोपरानं ढोसलं, पण चन्नव्वाचा हात थांबला होता.

"दुखतंय?"

"आवळताना दुखतंय. खोटं कामून सांगू?"

"मग?"

"मग मशीन फिरतंय. काही कळत न्हाई. तीच तर गंमत, काहीच होत न्हाई. घरी यायचं आणि दोन वर्षं वाट बघायची. सगळ्यात अवघड ते हाय. मधे डोकं ठणकतंय, मग गोळ्या देतात, आणि भूक अशी लागतीय की गूळसुद्धा सोडवत न्हाई."

चन्नव्वानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "डॉक्टर म्हणला, तुमच्या डोक्यात आवाज येत होता. माझ्या डोक्यात तर काहीच वाजत न्हाई. मग मशीनला गुंता सापडंल कसा?"

"फोटोत दिसतंय, अक्का. आवाज माझ्यावाला वरचा होता, फुकटचा."

तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "आणि माझ्या मागं हिची धार कोण काढंल? दुसऱ्याला जवळ येऊ देत न्हाई ही."

चंद्रभागाबाईंनी पदर खोचला, चन्नव्वाच्या जावेला हाक मारली, आणि दोघी म्हशीपाशी बसल्या. म्हशीनं आधी बादली उलथवली, मग चंद्रभागाबाईंची पाठ चाटली, आणि तिसऱ्या दिवशी जावेला धार काढू दिली. तोवर आम्ही चिंताकीतच मुक्काम ठोकला. हावगेप्पा तिथल्या मारुतीच्या देवळात रमला, आणि मी व श्रीपतराव चन्नव्वाची कडब्याची गंजी रचून देत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी चन्नव्वा नवं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन फाट्यावर उभी राहिली. हैदराबादच्या वाटेवरची, जहिराबादची गाडी आली. तिला खिडकीची जागा दिली. चंद्रभागाबाई तिच्या शेजारी बसल्या, आणि गाडी सुटायच्या आतच तिला सांगायला लागल्या की इस्पितळात कोणत्या मोरीत गरम पाणी येतं आणि कोणत्या नर्सबाईला कानडी कळते.